पाळत

सात वर्षांची दिशा शाळेतून आली की शेजारच्या लाडकीकडे पळायची आणि घरी परतल्यावर ताटाला शिवायची नाही. लाडकी तिला वेफर्सची पुडी देत असणार, असा तिच्या आईला, मेघालीला दाट संशय होता. बोईसरला राहायला आल्यापासूनच पोरगी बिघडली होती.

एका संध्याकाळी मेघाली चोरपावलांनी गेली आणि लाडकीच्या दारातून डोकावली. लाडकी आणि तिच्या दोन लेकींसोबत बसून दिशा नागलीची भाकरी नि माठाची भाजी मिटक्या मारत खात होती.

“हीच भाजी घरी केली की तुला ओकारी येते ना गं?” मेघाली उखडली.

“या ना ताई, तुमीपन बसा,” लाडकी म्हणाली.

दिशाने आधी घास गिळला. “आई, इथे सगळ्या जेवतात. आपल्याकडे मी एकटीच जेवते आणि तू माझ्याकडे बघत उभी राहतेस.”