गिदोनला खूण नको

"बाई, बाजूला व्हा. सुई आहे, तलवार नाही," ट्रेंट म्हणाला.

ऑर्लीना सायझमोर हलली नाही. चर्चच्या पायरीवर ती ठाण मांडून बसली होती. तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये गिदोन, तिचा तपकिरी शिकारी कुत्रा, जीभ काढून धापा टाकत होता. रविवारची उपासना नुकतीच संपली होती. झाडाखाली टेबलांवर मक्याची भाकर, घेवड्याचं कालवण, तळलेली कोंबडी, सगळं मांडून तयार होतं आणि कुणी हात लावला नव्हता. केंटकीच्या या डोंगरात जेवण निवू देतात ते दोनच प्रसंगी. मरण आणि भांडण.

ट्रेंट हेन्सली हा कौंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कुत्र्यांवरचा अधिकारी. नवा नियम निघाला होता. प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली मालकाचा पत्ता लागेल असा आकडा असलेली चिप हवी, नसेल तर कुत्रा जप्त. ऑर्लीनाच्या दारावर थापा मारून तो दमला होता, म्हणून आज सरळ चर्चच्या अंगणात येऊन उभा राहिला. रविवारच्या शाळेत तिनेच त्याला शिकवलं होतं, त्यामुळे धमकीसुद्धा तो 'बाई' म्हणूनच देत होता.

"गिदोन! ये रे इकडे, गिदोन!" त्याने चुचकारलं. कुत्र्याने मान वळवली नाही. "बहिरा आहे का हा?"

"हट्टी आहे. माझ्यावर गेलाय," ऑर्लीना म्हणाली. "बायबलातलं प्रकटीकरण, तेरावा अध्याय. तुझ्याकडून मी तो पाठ करून घेतला होता. सैतानाचं श्वापद सगळ्यांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण करायला लावील. आणि खूण नसेल त्याला काही विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही. आठवतंय, की खाल्लंस चण्याफुटाण्यासारखं?"

"आठवतंय, बाई. पण गिदोन काय विकत घेतो?"

टेबलांकडून हशा उठला.

"हसा. दुकानातल्या डब्यांवर काळ्या रेघा आल्या, तेव्हाही हसला होतात. मग कार्डं आली. मग तोंड दाखवलं की उघडणारे फोन आले. आता मुक्या जनावराच्या कातडीत आकडा. उद्या कुणाच्या? ट्रेंट, तुझ्या पोरीच्या!"

हसू विरलं. पाळक ब्रदर एल्बर्ट नेपियर आपलं प्रवचन फोनवरून साऱ्या जगाला दाखवत असे. सारं जग म्हणजे ओहायोतली त्याची बहीण. त्याने तो फोन हळूच खिशात सरकवला.

"सिस्टर, दमानं घ्या. वचनात लहानथोर, श्रीमंत-गरीब, स्वतंत्र आणि दास एवढेच सांगितलेत. कुत्रा नाही."

"दास आहे ना? मग साखळी कुणाच्या गळ्यात असते, तुमच्या?"

"पण जनावराला आत्मा..."

"बलामाच्या गाढवीला देवदूत दिसला, ब्रदर. वर बसलेल्या शहाण्याला नाही दिसला."

"आमेन!" मागून ओपल म्हातारी गरजली.

"अहो, यात सैतान कुठे आला?" ट्रेंट काकुळतीला आला. "हरवलेलं कुत्रं आपल्या घरी पोचावं, एवढंच आहे यात."

"माझा गिदोन कुठे जात नाही."

"बरं, सुई राहू दे. नियमाप्रमाणे आधी हे यंत्र वरून फिरवून, अंगात जुनी चिप आहे का ते बघायचं असतं. टोचत नाही, दुखत नाही. तेवढं तरी करू द्या." त्याने पिशवीतून एक चपटं यंत्र काढलं.

ऑर्लीना उठली. उंचीने ती त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हती.

"ते त्याच्या अंगावर धरायचं असेल तर आधी मला आडवी कर."

तिचा आवाज फाटला. नवऱ्याला, क्लेटसला, मातीत ठेवलं तेव्हाही ही बाई रडली नव्हती. नुसती गाणं विसरली होती. मग कुठूनसा हा कुत्रा घरी आला आणि एका रविवारी ती पुन्हा वरच्या पट्टीत गाऊ लागली. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आधी ओपल म्हातारी काठी टेकत आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. मग बाकीचे आले. हातातल्या रिकाम्या ताटांसकट त्यांनी कुत्र्याभोवती कडं केलं.

"ट्रेंट," ब्रदर एल्बर्ट म्हणाला, आणि त्याचा आवाज आता व्यासपीठावरचा होता. "ही आमची श्रद्धा आहे. आम्ही खूण घेणार नाही. आमची कुत्रीही घेणार नाहीत. जप्त करायचं तर आम्हालाच कर."

ट्रेंटने सुस्कारा सोडला. "पाळक म्हणून सांगताय ना? मग श्रद्धेची सवलत आहे नियमात. सुटलो मी. आता तरी कोंबडी वाढा कुणी."

जल्लोष झाला. ओपलने तर बँकेचं कार्ड कात्रीने कापून घेवड्याच्या भांड्याशेजारी ठेवून दिलं. ब्रदर एल्बर्ट अभिषेकाचं तेल घेऊन आला आणि गिदोनच्या मानेवर हात ठेवायला वाकला. ऑर्लीनाने त्याचं मनगट धरलं.

"कपाळावर, ब्रदर. श्वापद जिथे मागतं, तिथेच आपलं तेल."

"आमेन!" सगळे म्हणाले. असा विश्वास आपल्या सगळ्या मंडळीत नाही, असं ब्रदर एल्बर्ट जेवताना दोनदा म्हणाला.

घरी येऊन ऑर्लीना ओसरीवर टेकली. गिदोनने तिच्या मांडीवर डोकं टाकलं. त्याच्या कपाळावरचं तेल तिच्या झग्याला लागत होतं, ते तिने लागू दिलं. तिची बोटं त्याच्या मानेवरच्या दाट केसांत शिरली आणि खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या कठीण गोष्टीवर नेहमीसारखी थांबली. टेनेसीतल्या पेट्रोल पंपावर कुत्र्याच्या दोराची, लहान मुलाच्या हाताने मारलेली गाठ तिने सोडली, तेव्हाही तो दाणा तिथेच होता.