धम्मानंदची ड्युटी

“बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी धम्मानंद रामटेके कामावर होते,” कागदावरचं बोट न उचलता जलशुद्धीकरण केंद्राचे प्रमुख बारापात्रे साहेब म्हणाले.

प्रेमिलाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या.

“साहेब, आमच्या ह्यायले जाऊन सव्वादोन वर्सं झाले. मयतीले तुमी सोता आले होते, हार घेऊन.”

“ते मला माहीत आहे, बाई. पण मशीनमध्ये तसं लिहिलंय.”

मशीन म्हणजे शेजारच्या खोलीतला संगणक. नागपूरच्या चार-पाच वस्त्यांचं पाणी या केंद्रात शुद्ध व्हायचं. पाण्यात किती क्लोरीन सोडायचा, कोणता पंप चालवायचा, सगळं त्या एका पडद्यावरून ठरायचं. बुधवारी त्या पडद्यावरचा बाण कोणी हात न लावता फिरायला लागला. कुठल्या तरी परदेशात बसलेला कोणीतरी धम्मानंदच्या नावानं आत शिरला होता. त्यानं क्लोरीनचा आकडा दोनवरून साठावर नेला. पाळीवर श्वेता होती. तिनं आकडा खाली आणून पाहिला, तो पुन्हा वर गेला. मग तिनं पडद्याचा नाद सोडला, धावत जिना उतरली आणि हातानं चाक फिरवून क्लोरीन बंद केला. अर्ध्या तासात तेच पाणी शाळांच्या टाक्यांत आणि दवाखान्यांच्या नळांत पोचलं असतं.

तिला शाबासकी देणं राहिलं बाजूला. आता हे कोणाच्या तरी माथी मारायचं होतं, आणि माथं मेलेल्याचं असलं की ते हलत नाही.

धम्मानंद तिथल्या पाळ्यांवरचा शेवटचा कायम नोकरीतला माणूस. त्याच्यानंतर आले ते सगळे कंत्राटी. कंत्राटी माणसाला स्वतःचं लॉगिन द्यायचं नाही असा नियम. लाखभर लोकांचं पाणी मात्र त्याच माणसानं राखायचं. म्हणून तिन्ही पाळ्यांतली नऊ माणसं धम्मानंदच्या नावानं संगणक उघडत होती. सकाळी धम्मानंद, दुपारी धम्मानंद, रात्रपाळीला धम्मानंद. जिवंतपणी त्याला कधी इतकं काम पडलं नव्हतं.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज मऊ केला.

“हे बघा, जबाब अगदी साधा आहे. ‘माझ्या पतीने हयात असताना आपला पासवर्ड इतरांना सांगितला.’ बस, एवढंच. मेलेल्या माणसाला ना नोटीस, ना शिक्षा. कोणाचं काही जात नाही. आणि तुमच्या पायलची अनुकंपाची फाईल मी उद्याच्या उद्या वर पाठवतो.”

बापाच्या जागी नोकरी मिळावी म्हणून लेकीनं केलेला अर्ज दोन वर्षांपासून याच टेबलावर पडून होता. आज-उद्या, आज-उद्या ऐकत पायल बी.कॉम. होऊन कपड्यांच्या दुकानात उभी राहायला लागली होती.

“त्यायनं सांगतला, हे खरं आहे,” प्रेमिलाबाई हळूच बोलल्या. “पण कोणाले सांगतला? धंतोलीच्या दवाखान्यात फोन तुमचाच आला होता, साहेब. ‘पंप चालू होऊन नाही राहिले, पासवर्ड सांग,’ म्हणे. तोंडावरचा मास्क मी बाजूले केला, तवा कुठं आवाज फुटला त्यायचा. नळाले पाणी गेलं का, म्हणून दिवसभर इचारत होते.”

“त्याचा पुरावा आहे तुमच्याकडे?”

साहेबांनी समोरचा कागद त्यांच्याकडे सरकवला.

“माझ्याकडे आहे. मशीन खोटं बोलत नाही, बाई.”

नवऱ्यानं अठ्ठावीस वर्षं पाणी राखलं आणि त्याच पाण्यात विष घालायला वाट त्यानं करून दिली, असं आता कागदावर येणार होतं. पण लेक जिवंत होती.

“आणा कागद,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

चौकशीसाठी कार्यालयातले सगळे संगणक सील केलेले होते. चालू होता तो एकच, पाण्याचा. तो बंद ठेवता येत नव्हता. साहेबांनी घरून जबाब टाइप करून आणलेला पेनड्राइव्ह खिशातून काढला आणि दारात उभ्या श्वेताला दिला.

“साहेब, ह्या मशीनले बाहेरचं काही लावाचं नाही असा बोर्ड कालच लावला ना तुमी?”

“तो बोर्ड तुमच्यासाठी आहे. प्रिंट काढ लवकर.”

श्वेतानं एकदा प्रेमिलाबाईंकडे पाहिलं. मग शेजारच्या खोलीत गेली, खुर्चीवर बसली, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. कागद घेऊन आली.

साहेबांनी पेन पुढे केलं. प्रेमिलाबाईंनी ते घेतलं. पण वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, ही त्यांच्या घरची शिस्त होती. त्या वाचत वाचत खाली आल्या. जबाब संपला. सहीची जागा आली. त्याच्याही खाली, कडेला, मशीननं आपण होऊन उमटवलेली एक बारीक ओळ होती. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

“काय वं श्वेता,” त्यांनी विचारलं, “अजून बी तोच पासवर्ड चालू आहे?”

“बदलाचं पत्र वर गेलं आहे, काकू. मंजुरी नाही आली अजून.”

प्रेमिलाबाई उठल्या. कागद साहेबांपुढे ठेवला आणि त्या बारीक ओळीवर बोट टेकवलं : ‘मुद्रण करणारा – धम्मानंद रामटेके. आज, सकाळी ११.४२.’

“हा जबाब त्यायनं आत्ताच छापला, साहेब. बाजूच्याच खोलीत आहेत. जा, सही बी त्यायचीच घ्या.”