चाड्याचं माप

भोक पहिलं

“बाईमाणसानं पुढं येऊ नये,” मुकादम नानासाहेब म्हणाले. गौराबाई खाणीच्या तोंडाशीच थांबली. सासरा एकटा पुढं गेला. श्रीपती सुतार. बगलेत चाडं.

गोणपाटाखाली कोण होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायचं सरकारी काम. दरड कोसळली आणि एकाचा चेहराच उरला नाही. भ्यालेली माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. काही परंड्याहून कुरडुवाडीच्या गाडीला लागली. गौराबाईचा नवरा मच्छिंद्र त्या पळालेल्यांत असेल, नाहीतर या गोणपाटाखाली.

“चाडं कशाला आणलंय, सुतारबुवा? पेरायला निघालात का काय?” मुकादमानं विचारलं.

“माप हाय,” श्रीपती म्हणाला.

भोक दुसरं

चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा. पेरताना बाई त्यावर मूठ धरून बी सोडते. ती कुंकवाची लागते. पांढऱ्या कपाळाच्या बाईला कुणी चाड्याला हात लावू देत नाही.

वाडग्याच्या गोल बुडाला तीन भोकं असतात. त्यांत बांबूच्या नळ्या बसतात. एक भोक खोल, एक उथळ झालं, की नळी हलते. एका ओळीत बी दाट पडतं, एका ओळीत विरळ. आणि गोल लाकडावर पट्टी चालत नाही. एक कड उंच, एक उतरती. श्रीपतीच्या घरात माप बोटाचं. उतरत्या कडेला दुसऱ्या पेराची रेघ टेकली, की गिरमिट थांबवायचं. लाकूड तासायच्या वाकसानं त्याची स्वतःची बोटं गेल्यापासून ते बोट मच्छिंद्रचं. सुतारांच्या सहकारी संस्थेत चाड्यांचा ढीग ओतला, तरी या घरचं चाडं डोळे मिटून काढता यायचं.

सकाळी निघताना श्रीपतीनं खुंटीवरचं, धुरानं काळं पडलेलं चाडं खाली काढलं. भोकांवरून अंगठा फिरवला. परत टांगलं. मग भुशात पडलेलं दुसरं उचललं. घरच्या पेरणीचं चाडं मढ्याला लावू नये म्हणून असेल, असं गौराबाईला वाटलं.

आता तो गुडघ्यांवर बसला. गोणपाटातून एक हात बाहेर ओढला. गौराबाईनं डोळे मिटले.

खाणीत कुणी खोकलं. “दुसऱ्या पेराची रेघ कडेला टेकती का बघा,” श्रीपती मुकादमाला म्हणाला.

“रेघ भाईर ऱ्हातीया,” मुकादमाचा आवाज आला. “ज्वारीच्या दाण्याएवढी.”

“मग आमचा न्हाय,” श्रीपती म्हणाला.

भोक तिसरं

खाणीपासून थोड्या अंतरावर, लिंबाखाली, सासरा पाण्यासाठी थांबला. त्यानं तांब्या तोंडाला लावला, म्हणून चाडं गौराबाईनं मांडीवर घेतलं. नवरा जिवंत होता. कुठंतरी भुकेला, पण जिवंत. तिला पोटभर रडावंसं वाटत होतं, सुखानं.

“औंदा पाऊस झाला तर मूठ तूच धरायची, पोरी,” सासरा म्हणाला. तिच्याकडं न बघता.

तिनं चाड्यावरून हात फिरवला. लाकूड पिवळं, ताजं. उगीच तिनं भोकात बोट घातलं.

उतरत्या कडेला दुसऱ्या पेराची रेघ टेकली.

दुसऱ्या भोकात घातलं. टेकली. तिसऱ्यात घातलं. केसाचाही फरक नाही.

मच्छिंद्र खडीवर गेला तरी संस्थेचं काम थांबलं नव्हतं. अंगणात गिरमिटाची दोरी तिनंच ओढली होती. आणि दर भोकाला सासरा म्हणाला होता, “घाल बोट.”

मागं खाणीवर बेवारशासाठी सरपण रचायला लागले होते. फांद्या मोडल्याचा आवाज इथवर येत होता. सासरा रिकाम्या तांब्यात बघत बसला होता.

गौराबाई उठली. चाडं त्याच्यापुढं पालथं ठेवलं आणि खाणीकडं तोंड केलं.

“मामंजी,” ती म्हणाली, “खुंटीवरलं, त्यांच्या बोटाचं चाडं घिऊन या. तवर म्या त्यांच्यापाशी बसते.”