भंडाऱ्याचा गुण

फ्रान्सच्या लढाईत पिवळ्या विषारी धुरानं सोबती मेलेले पाहून आल्यापासून गुंडा झोपेतून ओरडत उठायचा, "धूर आला! वलं फडकं लावा तोंडाला!" शेवटी त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, त्याला सांगोल्याच्या माळावर बिरोबाच्या देवळात आणलं.

"भंडारा अंगावर पडला की समदं भ्या उतरतंय," पुजारी म्हणाला. ढोल घुमले, हळदीच्या मुठी उधळल्या आणि देऊळ पिवळ्या ढगात बुडालं.

गुंडा ओरडला नाही. त्यानं डोक्याचा पटका घागरीत भिजवला आणि मायाक्काच्या हातातली तान्ही लेक, कधी नव्हे ती, छातीशी घट्ट धरली.

"गुण आला गं बाई!" मायाक्कानं डोळे मिटून देवाला हात जोडले.

"भिऊ नगंस, बाय माजी," गुंडा लेकीच्या कानात सांगत होता, "धूर जाईस्तवर तुज्या तोंडावरचं फडकं मी काढत न्हाय."