पिवळा मोजा, निळा मोजा

बूच काही केल्या परत बसेना. बाझीलने बाटली गुडघ्यांत दाबली आणि तळहाताने असा दणका मारला की गेलं एकदाचं आत.

"झालं का?" सोलांज, त्याची बायको, दारात उभी राहून पहारा देत होती.

"झालं."

बाटली बाझीलची, लेबल बाझीलचं, आणि आत वाइन कुणाची? भावाची! एदगारची!

"आणि आपली वाइन? ओतून दिलीस?"

"ओतवते होय? प्यायलो." बाझीलने नाक पुसलं. "चांगली होती गं."

आज त्याच्या आईचा, लेओनीबाईंचा, ऐंशीवा वाढदिवस. जेवणानंतर ठरणार होतं की बाबांचा द्राक्षमळ्याचा उतार कुणाला मिळणार. नदीच्या वरच्या अंगाचा उतार, संध्याकाळपर्यंत ऊन खाणारा. फ्रान्समधलं वाइनचं गाव हे, अख्ख्या शाब्लीत अशा जमिनीसाठी लोक सख्ख्या सासऱ्याला विकतील! दोघांत वाटावा तर ट्रॅक्टरसुद्धा वळायचा नाही, एवढुसा. म्हणून आईनेच तोडगा काढला होता. दोघांनी आपापल्या वाइनची एकेक बाटली आणायची, तिला लोकरीचा मोजा चढवायचा म्हणजे लेबल दिसणार नाही, आणि आईला जी आवडेल त्याचा उतार.

आता द्राक्ष दोघांचं एकच, माती एकच, त्या मातीत गाडलेले लाखो वर्षांपूर्वीचे समुद्राचे शिंपलेसुद्धा तेच. वाइन दोघांची पांढरी आणि खडखडीत कोरडी, गोडव्याचं नाव नाही. तरी वीस वर्षं भांडण! एदगार म्हणायचा, वाइन स्टीलच्या टाकीतच ठेवायची, लाकूड लागलं की मेली. त्याच्या तळघरात बसायला लाकडाची खुर्चीसुद्धा नव्हती, प्लास्टिकचं स्टूल होतं. आणि बाझीलची सगळी वाइन ओकच्या लाकडी पिंपांत. तो म्हणायचा, स्टील दवाखान्यात शोभतं.

असा हा बाझील, पण ईस्टरला त्याची हवाच गेली. आईने त्याची वाइन चाखली आणि म्हणाली, "बाझील, तुझ्या वाइनला माझ्या लग्नाच्या कपाटाचा वास येतो रे." कपाटाचा! त्या दिवशी तिने एदगारलाही बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते कळलं नाही, पण तो चीजला हात न लावता घरी गेला. शाब्लीत चीज सोडून कोण उठतं?

बाझीलला रात्ररात्र झोप येईना. उतार गेला तर पोरांना काय तोंड दाखवणार? शेवटी गेल्या आठवड्यात तो टोपी नाकापर्यंत ओढून शेजारच्या ओसेर शहरातल्या वाइनच्या दुकानात गेला आणि एदगारची बाटली मागितली. गावात मागितली असती तर चर्चची घंटा वाजायच्या आत सगळ्यांना कळलं असतं.

दुकानदारीण म्हणाली, "आज शाब्लीवाल्यांची चंगळ आहे हो! सकाळीच एक काळा चष्मावाला बाझील पिकारची शेवटची बाटली घेऊन गेला."

"एवढ्या पावसात काळा चष्मा?"

"डोळे आलेत म्हणाला."

बाझीलची छाती फुगली. जगात एका माणसाला तरी वाइन कळते!

तर वाढदिवसाला आई अंगणात बसली आणि दोघा भावांनी स्वयंपाकघरात मोजे चढवले. बाझीलचा निळा, एदगारचा पिवळा.

"काय रे, टाकी घासून आलास का?" बाझील म्हणाला.

"तू सुतार नाही आणलास का?" एदगार म्हणाला, पण त्याच्या टोमण्यात आज जोर नव्हता.

वाइनमध्ये शिजवलेलं हॅम झालं, चीजचे गोळे संपले, आणि सोलांजने आईपुढे दोन ग्लास ठेवले.

आईने आधी निळ्या मोज्यातली घेतली. "स्वच्छ. धारदार. ओला दगड चाटल्यासारखी. पोरगी हुशार आहे, पण कुणाच्या गळ्यात पडायची नाही."

मग पिवळ्यातली. एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसरा घेतला, आणि ग्लास छातीशी धरून बसली.

"ही," ती म्हणाली. "ही आपल्या घरातली आहे."

सोलांजने टेबलाखालून नवऱ्याला चिमटा काढला. आईने पिवळा मोजा ओढला. लेबल एदगारचं! तिने बाबांची वेल छाटायची कात्री एदगारच्या हातात दिली.

एदगारने उडी मारायला हवी होती ना? तो पांढराफटक पडला.

"अरे हस की मेल्या, जिंकलास तू!" आई म्हणाली.

बाझील चक्रावला. निळ्यात एदगारचीच वाइन, पिवळ्यातही एदगारचीच, मग एक हरते कशी? यंदाची आणि गेल्या सालची असेल. पण हरला तर हरला. तो उठला आणि ग्लास पुढे केला. "अभिनंदन. मलाही चाखू दे."

एदगारने पटकन बाटलीवर हात ठेवला. "राहू दे रे. तुला स्टील सोसत नाही."

"आज सोसेल."

"थोडीशीच उरलीय, आईला असू दे..."

"एदगार!" आई ओरडली. "आज तरी भावाला ओत!"

एदगारने ओतली. निम्मी टेबलक्लॉथवर गेली.

बाझीलने सवयीने आधी ग्लास नाकाशी नेला.

प्लास्टिकच्या स्टुलावर बसणाऱ्या एदगारच्या त्या बाटलीतून आईच्या लग्नाच्या कपाटाचा वास येत होता.