जिन्यावरून पडलेला लॅपटॉप

बाबांचा जुना, विटेसारखा जाड लॅपटॉप पुन्हा सुरू करायचाच, या हट्टाला त्यांचा खटपट्या मुलगा पेटला होता. त्याच्यासारखेच हौशी मित्र सांगून थकले, "अरे, सुटे भाग आणून अगदी तसाच नवा जोड की, एका रविवारात होईल!" पण याला बाबांचाच हवा होता. आणि त्याची स्क्रीन मेली रोज क्षणभर उजळायची, आशा लावायची आणि पुन्हा डोळे मिटायची.

"बाबा, येताय ना खेळायला?" दारातून रॅकेट नाचवत त्याच्या लेकीने पुन्हा विचारलं.

"आलोच म्हटलं ना! दोन मिनिटं!" मान वर न करता तो खेकसला. मग स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटून आपल्या वडिलांकडे वळला. "बाबा, निदान आठवून तरी सांगा, हा जिन्यावरून पडला तेव्हा कुठल्या बाजूवर आपटला? तडा कुठे गेलाय तेच सापडत नाहीये."

बाबांनी शांतपणे पेपरची घडी घातली. "पडला कुठे? मी फेकला होता."

"फेकला? का?"


"तूही असाच बॅट घेऊन दारात उभा असायचास, आणि माझी दोन मिनिटं काही संपायची नाहीत."