पंचविसावी प्रत

"ताई, ह्यातलं बरोबर कुठलं?"

जितेंद्रनं दोन चित्रं तिच्यासमोर धरली. एकात वीस गिधाडं होती, दुसऱ्यात चौदा.

"दोन्ही एकाच ठोकळ्यावरून काढलीत," रुचिता म्हणाली. "सारखीच असायला हवीत."

"नाहीयेत ना पण. मी मोजली. सर असं काम कधी द्यायचे नाहीत हो. आणि ही बघा, ही तर कोरीच आहे. खाली सही मात्र केलीय."

तिनं तो कोरा कागद हातात घेतला. तळाशी पेन्सिलीनं लिहिलं होतं, २५/२५, म्हणजे पंचविसातली पंचविसावी प्रत. शेजारी तिच्या वडिलांची, अण्णांची सही.

नवघर रोडवरच्या ह्या फ्रेमच्या दुकानात अण्णा बारा वर्षं येत होते. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर ते लिनोलियमवर प्राणी कोरायला लागले. फक्त नाहीसे होत चाललेले. खवले मांजर, माळढोक, शेवटी गिधाड. कोरून झालं की ठोकळ्यावर शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचा, कोरून काढलेलं तेवढं पांढरं राहायचं, आणि ते चित्र जिथं कुणी लावू देईल तिथं नेऊन लावायचं.

गिधाड कुणी लावू दिलं नव्हतं. दोन शाळांनी गुंडाळी न सोडताच कपाटावर टाकली आणि तशीच परत दिली. सिल्व्हर पार्कातल्या त्यांच्याच इमारतीत सेक्रेटरीनं नोटीस बोर्डावरचं चित्र काढून घरी आणून दिलं. "मॅडम, लोक सकाळी देवाचं नाव घेऊन बाहेर पडतात. पप्पांना मोर बनवायला सांगा ना." गुरांच्या ज्या औषधानं, मेलेली गुरं खाऊन, गिधाडं मरत होती, त्यावर बंदी आली. औषध दुकानात मिळतच राहिलं. सात ठिकाणी पत्रं पाठवल्यावर एका वाचनालयाचं 'हो' आलं, तेही अण्णा गेल्यावर आठवड्यानं. प्रदर्शन परवा होतं. आणि आता चित्रंच अशी.

"शेवटी हात थरथरायचा त्यांचा," ती म्हणाली. जितेंद्रला काहीतरी सांगायला हवं होतं.

खरं तर तिला मे महिन्यातली ती दुपार आठवत होती. बाल्कनीतल्या टेबलाशी आजारी अण्णा वाकून बसले होते. पंख पसरलेला एक नेटका पक्षी ते कोरणीनं ठोकळ्यावरून काढून टाकत होते. तिनं त्यांचं मनगट धरलं होतं.

"अण्णा, चांगला पक्षी खरवडताय तुम्ही!"

"मी कुठे खरवडतोय?"

इतक्या शांतपणे म्हणाले, की ती घाबरली. आजार डोक्यात शिरला, असं तिनं डॉक्टरांनाही सांगितलं. त्यानंतर ती ऑफिसला गेली की मगच ते ठोकळा बाहेर काढत. हॉस्पिटलमध्ये एवढंच म्हणाले, "पंचविसावी राहिलीय. ती तू काढ."

"ताई, काय करू मग? परवाला सगळ्या फ्रेम द्यायच्यात तर आज कापायला घ्यायला पाहिजे."

"चारच करा. चांगल्या तेवढ्या लावू. बाकीच्या बांधून द्या, घरी नेते."

ती खाली बसली. एकेक चित्र उचलायची, आकाश भरलेलं असेल ते ठेवायची, विरळ असेल ते बाजूला टाकायची. टाकताना तिला राग येत होता. सेक्रेटरीचा, शाळांचा, त्या दुपारी ओरडलेल्या स्वतःचा. थोडा अण्णांचाही. चार चित्रं निघाली. जितेंद्रनं ती घेतली आणि चित्रांखालचे नंबर फ्रेमच्या चिठ्ठ्यांवर उतरवायला लागला.

"एक, दोन, तीन, चार." तो हसला. "वा ताई, बरोबर लाइनीत निवडलीत!"

रुचिताचा हात थांबला.

"पाच नंबर कुठंय?"

पाचव्यात वीस गिधाडं होती. सहाव्यात एकोणीस. सातव्यात अठरा. मग दोघांनी मिळून सगळी चित्रं भिंतीकडेनं जमिनीवर ओळीनं मांडली. ओळ दुकानाच्या दारापर्यंत गेली. मिठागराच्या ढिगाऱ्यांवर, एका ताडामागे भरलेलं आकाश चित्रागणिक एका पक्ष्यानं रिकामं होत गेलं होतं. ताड तोच. मिठाचे ढीग तेच. जिथले पक्षी गेले होते तिथं एक ओरखडाही नव्हता. हात कुठंच थरथरला नव्हता.

चोविसाव्या चित्रात एक गिधाड होतं.

जितेंद्र त्या चित्राशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "म्हणजे पंचविसाव्यात..."

"सगळ्या फ्रेम करा," रुचिता म्हणाली. "नंबरानं लावायच्यात. ही सकाळी आणते." तिनं कोरा कागद गुंडाळून घेतला.

संध्याकाळी तिनं बाल्कनीतलं टेबल पुसलं. ठोकळा होता तसाच होता. ताड, मीठ, आणि वर एक पक्षी. शेजारी कोरणी. मुठीला अण्णांनी गुंडाळलेली चिंधी अजून शाईनं काळी होती. तिनं कोरणी पक्ष्याच्या पंखाशी टेकवली. दोन मिनिटांचं काम होतं.

सकाळी दुकान उघडताच ती हजर झाली. जितेंद्रनं कागद उलगडला, चोविसाव्याशेजारी ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"ताई, हे दोन सेम आलेत. ह्यात एक कमी व्हायला पाहिजे होता ना?"

"हो," रुचिता म्हणाली. "मी नाही खरवडला."